वस्तुमान आणि वजन

माझे वडील धुळ्याच्या बाजारात हमाल होते. शंभर किलोचे पोते पाठीवर घेताना त्यांचे गुडघे थरथरत. नववीच्या वर्गात सरांनी शिकवले : वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय, तो कोठेही बदलत नाही. वजन म्हणजे त्यावरील गुरुत्वाकर्षणाचे बल. चंद्रावर ते सुमारे एक षष्ठांश होते. मी उभा राहून विचारले, "सर, मग तिथे माझ्या बाबांची पाठ दुखणार नाही ना?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, "उचलणे सोपे जाईल. पण तितक्याच वेगाने येणारे पोते थांबवायला इथल्याइतकेच बल लागेल."

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा तो तास आठवला. प्रज्ञान गाडीचे वस्तुमान येथे २६ किलो, तेथेही २६ किलोच. तेथील ताणकाटा मात्र जेमतेम सव्वाचार किलो दाखवील.

वडील आज हयात नाहीत. गावात आमच्या शब्दाला वजन नव्हते. ते जागेवर अवलंबून असते. माणसाचे मोल मात्र जागेने घटत नाही, हे मला या शाळेत उमगले. सुट्टीत घरी गेल्यावर ते मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "शिक, बाळा."