दुःख आणि दाद

मणक्याला इजा होऊन कमरेखालची हालचाल गेलेल्या माणसांच्या गटांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. या बैठकांत दोन तऱ्हेची दुखणी एकापाठोपाठ बाहेर येतात. कोणी सांगतं, ‘रात्री पायांची आग आग होते, डोळ्याला डोळा लागत नाही.’ पाठोपाठ कोणी सांगतं, ‘तहसील कचेरीत मला दोघांनी उचलून जिना चढवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.’ पहिलं दुखणं कुठल्याही कायद्याने थांबणार नाही. दुसरं एका रॅम्पने थांबेल. पण आपल्याकडे दोघांनाही एकच सल्ला मिळतो: मन घट्ट करा.

यावरून आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. आधार देणारे म्हणतात, माणूस आधी सावरू दे, हक्कांचं मग बघू. चळवळीतले म्हणतात, रडणं पुरे, रस्त्यावर या. मला हा क्रमच मान्य नाही. जिथे माणसांचं नीट ऐकलं गेलं, तिथूनच टिकाऊ लढे उभे राहिले.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत अपंग मुलांसाठी ‘कॅम्प जेनेड’ हे उन्हाळी शिबिर भरत असे. तिथलं १९७१ मधलं चित्रण ‘क्रिप कॅम्प’ या २०२० च्या माहितीपटात आहे. मुलंमुली एकत्र बसून आईवडिलांच्या अतिकाळजीबद्दल बोलतात. एका मुलीचे शब्द कळायला कठीण जातात, तरी तिचं बोलून होईपर्यंत सगळे थांबतात. तिथे कोणी निवेदन लिहीत नव्हतं. पण यातले काही जण पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले. तिथे १९७२ मध्ये एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र सुरू केलं होतं. अपंगांनी अपंगांना आधार द्यायचा आणि हक्कांसाठीही झगडायचं, ही दोन्ही कामं तिथे एकाच छपराखाली चालत.

अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारं कलम ५०४ हे १९७३ मध्येच कायद्यात आलं होतं, पण नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिल १९७७ रोजी शंभराहून अधिक माणसं सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शिरली आणि तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसली. नेतृत्व करणाऱ्यांत लहानपणी जेनेडच्या शिबिराला जाणाऱ्या जुडिथ ह्यूमन होत्या. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप पाठवले. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते जेवण आणत. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, त्यांना रात्री इतर जण वळवत. २८ एप्रिलला सही झाली. अंगाखाली जखमा व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे आमच्या गटातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्री कूस बदलून देणारे हात मला भाषणांइतकेच लढ्याचे वाटतात.

चळवळीनेही काही गमावलं. ब्रिटनमधल्या ‘यूपियास’ या अपंगांच्या संघटनेने १९७६ मध्ये मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे. माणसाला अपंग करतात ते हे अडथळे. दोष आपल्यात नाही, हे कळल्यावर कित्येकांची मान वर झाली. पण १९९१ मध्ये जेनी मॉरिस यांनी दाखवून दिलं की या मांडणीत वेदना आणि मरणाची भीती बोलायला जागाच उरली नव्हती. मणक्याच्या इजेनंतर त्या स्वतः व्हीलचेअर वापरत होत्या.

महाराष्ट्रात नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेकांनी वाचलं आहे. ऐन तारुण्यात पाय गेल्यावर त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी. तेही याच अवस्थेतून गेलेले होते. पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. अंथरुणाशी बसून केलेली विचारपूस किती लांब पोचते, ते यातून दिसतं.

आज आपल्या हातात अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. नियम आल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायच्या, असं त्यात लिहिलं आहे. नियम २०१७ मध्ये आले. सुगमतेचे मापदंड नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावावं लागलं. इतकी दिरंगाई सोसत लढायचं, तर माणसं आतून शाबूत राहायला हवीत.

म्हणून गटात मी काही पथ्यं पाळते. कोणी बोलू लागलं की मागणीची घाई करायची नाही. पण अन्यायाला नशीब म्हणून शांतही करायचं नाही. कागद, तारीख, अधिकाऱ्याचं पद लिहून घ्यायचं. बैठकीत सांगितलेली हकिगत सांगणाऱ्याची असते. त्याने हो म्हटल्याशिवाय ती मोर्चाच्या व्यासपीठावर जात नाही. ज्याला धरण्याला यायचं नाही, त्याची गटातली जागा तशीच राहते. आणि आंदोलनाहून परतलेल्यांसाठी पुन्हा बैठक घ्यायची, मागणी मान्य होवो वा न होवो. हरल्यानंतरच्या दिवसांत माणसं तुटतात, आणि तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नसतं.

माझी मागणी साधी आहे. मणक्याची इजा घेऊन रुग्णालयातून घरी निघणाऱ्या प्रत्येकाला, तेच भोगून उभा राहिलेला एक सल्लागार सरकारी खर्चाने आणि पगारी मिळाला पाहिजे. त्याने रडू द्यावं, कॅथेटर सांभाळायला शिकवावं आणि कायद्यातलं कलमही सांगावं. हे काम एकाच माणसाचं आहे, आणि ते करू शकणारी माणसं आज गावोगावी बिनकामाची बसली आहेत.