चटईला केलेले अभिवादन

आम्ही दोघेही याच वसतिगृहात वाढलो आणि पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलो. तेथे आमची कन्या ज्युदो शिकू लागली. पहिल्याच दिवशी तिने दारात थांबून चटईला आणि मग भिंतीवरील छायाचित्राला वाकून अभिवादन केले. ते छायाचित्र ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचे होते. आम्ही अस्वस्थ झालो.

आमच्या आजोबांना गावात वाकून जोहार घालावा लागे. १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी तो सोडला, आणि त्याची किंमतही मोजली. त्यांची पणती कोणापुढे वाकते आहे, हे पाहणे आम्हांला भागच होते.

हा प्रश्न त्या देशात न्यायालयापर्यंत गेलेला होता. चटईला व छायाचित्राला वाकणे हा शिंतो विधी आहे, त्याची सक्ती नसावी, असा दावा काही तरुण खेळाडूंनी सिएटलच्या संघीय न्यायालयात केला होता. २००२ साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. नियम सर्वांना सारखाच लागू आहे, त्यामागे भेदभावाचा हेतू नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल; पण आमचे समाधान झाले नाही. जोहाराचा नियमही आमच्या वस्तीत सर्वांना सारखाच होता!

कानो स्वतः शिक्षक. १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या जागेत त्यांनी आपली शाळा सुरू केली, परंतु ज्युदोला त्यांनी धर्म केले नाही; परस्परांचे कल्याण हे त्याचे एक सूत्र ठरवले. चटईवर जिंकणाराही हरणाऱ्याला वाकतो, गुरूही शिष्याला वाकतो. जोहाराला असे उत्तर कधी मिळत नसे. हे ध्यानी आल्यावर आमचे मन बरेचसे निवळले. मात्र छायाचित्र उलट वाकत नाही, ही शंका उरलीच.

प्रशिक्षक ख्रिस्ती होते. ते म्हणाले, “तिची इच्छा नसेल तर तिने नुसते उभे राहावे.” कन्येला विचारले, तर ती म्हणाली, “आई, हे देव नाहीत. हे पहिले सर आहेत.” आणि ती वाकली.

त्या रात्री आम्हांला शाळेतील पहाटेची वंदना आठवली. तथागतांच्या मूर्तीपुढे व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आम्ही रांगेने वाकत असू. रांगेत अन्य समाजांतील दोन-तीन मुलेही असत. तीही आमच्याबरोबर वाकत. त्यांना काय वाटते, हे आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते.