तारेतली पत्रे

करडीचे आमचे आजोबा आजही पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर आधी ‘जयभीम’ लिहितात, मग मजकूर. आलेली पत्रे तारेला टोचून ठेवतात. आम्ही हसायचो. सगळे व्हॉट्सॲपवर आहे ना! मग मोबाईल बिघडला आणि विहाराच्या जागेसाठी वर्षभर केलेली चर्चाच गेली. तारेतली पत्रे तशीच आहेत. मंदिरप्रवेशाचा नाद सोडा, शिक्षण आणि राजकारणावर भर द्या, असे बाबासाहेबांनी १९३४ साली दादासाहेब गायकवाडांना कळवले. ते आज आपल्याला वाचता येते, कारण ते पत्र जपले गेले. आम्ही जयंतीचे फोटो फॉरवर्ड करतो. बैठकीतला ठराव मात्र कागदावर येत नाही. हा आळस आहे मित्रांनो, आधुनिकता नव्हे. परवाचा ठराव आम्ही हाताने लिहून आजोबांना दाखवला. त्यांनी विचारले, “तारीख कुठं आहे?”