डाळिंबी, वांगी, गोकर्णी

बेळगावातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघे एका बाकावर होतो. एक येळ्ळूरचा, एक उचगावचा, एक शहापूरचा आणि एक वडगावची. चौघांचेही दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. पुढे सारेच इंग्रजीत आले आणि वर्गात प्रश्न विचारण्याची आमची सवय हळूहळू सुटली. नेमून दिलेल्या प्रात्यक्षिकांखेरीज विद्यार्थ्यांनी काही स्वतंत्र संशोधन करावे, असे आमच्या सरांना फार वाटे. त्यांनी आम्हांला विषय दिला तो गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचा. खर्च जवळजवळ नव्हता. बाटल्या घरच्या, सायकली घरच्या.

पाण्याचा ‘हार्डनेस’ मोजायचा होता. शाळेत आम्ही अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायला शिकलो होतो. बनवलेल्या परिभाषेतले सगळेच शब्द आम्हांला आवडतात असे नाही. शंकुपात्राला आम्ही बाकावर कधीही शंकुपात्र म्हटले नाही, ‘कॉनिकल’च म्हटले. पण ‘दुष्फेन’ हा शब्द इंग्रजीहून सरस आहे, असे आमचे आजही मत आहे. साबणाला फेस येऊ न देणारे ते दुष्फेन. व्याख्या शब्दातच बसलेली. घरी मात्र हे दोन्ही शब्द नव्हते. येळ्ळूरच्या मित्राची आजी एवढेच म्हणे, की या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या विहिरीचे आणा. आणि प्रयोगशाळेतले मामा, ज्यांची घरची भाषा कन्नड, ते आमच्या बाटल्या पाहून म्हणाले, “गडसु नीरु काय रे हे सगळं?” गडसु म्हणजे कठीण. खाऱ्या, मचूळ पाण्याला त्यांचा शब्द वेगळा, सवळु. एका पाण्यासाठी आमच्या बाकाभोवती असे चार-पाच शब्द जमले होते आणि वहीत जाणार होता त्यांतला एकच.

कृती पुस्तकात दिलेली होती. पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात अमोनियाचे बफर घालून सामू १० च्या आसपास ठेवायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकायची आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रथम दर्शकाशी बांधलेले असतात, म्हणून रंग लाल दिसतो. ईडीटीए त्यांना आपल्याकडे ओढून घेते; शेवटचा कण सुटला की मोकळा झालेला दर्शक आपल्या मूळ निळ्या रंगावर येतो. या प्रमाणाच्या ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, इतका सोपा हिशेब. पुस्तकात शेवटच्या बिंदूविषयी चार शब्द होते, ‘वाइन रेड टू ब्लू’.

आमच्यापैकी कोणीही वाइन पाहिलेली नव्हती.

तीन आठवडे आम्ही अकरा विहिरींचे पाणी तपासले. बहुतेक वाचने येळ्ळूरच्या मित्राने घेतली, कारण त्याचा हात स्थिर. पडताळणीसाठी उचगावच्या मित्राने त्याच पाण्याचे वाचन घेतले, तेव्हा पहिल्याचे १३.४ आले होते तिथे दुसऱ्याचे १४.२ आले. ०.८ मिलिलिटरचा फरक म्हणजे लिटरमागे सोळा मिलिग्रॅमचा फरक. ब्युरेट धुतली, बफर नवे केले, ईडीटीए पुन्हा वजन करून बनवले. फरक तसाच. दोघांचे बोलणे बंद होण्याची वेळ आली. प्रत्येकाला वाटे, दुसरा हलगर्जी आहे.

उलगडा केला तो वडगावच्या मैत्रिणीने. तिच्या घरी माग होता. सुताच्या रंगात किंचित फरक पडला, तर व्यापारी लुगडे परत करी. त्यामुळे रंगांची नावे तिला पाढ्यांसारखी पाठ होती. ती दोघांच्या मागे उभी राहून नुसते पाहत होती. मग म्हणाली, “अरे, तू वांगी रंगावरच थांबतोस. त्यात लाल अजून आहे. हा गोकर्णीवर थांबतो.”

आम्ही पुन्हा पाहिले. आरंभी द्रावण डाळिंबी होते. मग काही थेंबांत ते वांगी झाले, म्हणजे निळसर दिसे, पण पांढऱ्या कागदावर धरले की तळाशी तांबूस छटा उरलेली असे. आणखी काही थेंबांनी ते गोकर्णीच्या फुलासारखे निखळ निळे झाले आणि तेथून पुढे बदलले नाही. शेवटी शेवटी अभिक्रिया मंद होते. घाई करणाऱ्याला वांगी रंगच शेवटचा वाटतो. येळ्ळूरच्या मित्राने इमानेइतबारे ‘ब्लू’ लिहिले होते, कारण ‘ब्लू’ या शब्दात त्याच्यापुरते वांगीही मावत होते. तो हलगर्जी नव्हता. त्याच्या हातात चुकीच्या मापाचा शब्द होता.

अकराही विहिरींचे पाणी पुन्हा आणावे लागले. पण त्यानंतर कोणीही वाचन घेवो, फरक ०.१ च्या आत राहिला. कच्च्या वहीत वाचनापुढे पेन्सिलीने आम्ही डा., वां., गो. अशी अक्षरे लिहू लागलो. पक्क्या अहवालात अर्थात ‘वाइन रेड टू ब्लू’ हेच गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी प्रश्न नेमका विचारला: पहिली वाचने रद्द का केलीत, शेवटचा बिंदू कसा ठरवलात? उत्तर तिचेच होते, म्हणून ती बोलू लागली. दोन वाक्ये इंग्रजीत झाली आणि रंगांपाशी ती अडली. “वांगी रंग पूर्ण जाईपर्यंत, सर,” असे तिच्या तोंडून निघून गेले. मागे कोणीतरी हसले. परीक्षकांनी इंग्रजीत बोलण्यास सांगितले. हेच गृहस्थ थोड्या वेळापूर्वी चहा घेताना सरांशी छान मराठीत पावसाबद्दल बोलत होते. ती गप्प झाली, ती शेवटपर्यंत. तिला चौघांत सर्वांत कमी गुण मिळाले. आम्ही तिघे शेजारी उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. परीक्षकांवरचा राग ओसरला आहे; आमच्या त्या गप्प राहण्याचे तसे झालेले नाही.

इंग्रजीवाचून रसायनशास्त्र शिकता येत नाही, हे विधान आम्ही तेव्हा गृहीत धरले होते. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे विषय उर्दूत शिकवले जात आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग होता, हे आम्हांला फार नंतर कळले. मराठवाड्यातून तेथे गेलेल्या मराठी मुलाला ती उर्दूही परकीच असणार, हेही खरे. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले, ते रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने. तेथे तांत्रिक शिक्षण गुजरातीतून देण्याचा यत्न झाला. आणि बेळगावात आमच्या शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातून आलेली मुले होती. तीही तोंडी परीक्षेत तशीच अडखळत होती. त्या दिवशी मागून हसणारा त्यांच्यातला नव्हता.

अहवालाची प्रत विभागाच्या कपाटात कुठे असेल, तर असेल. कच्ची वही मात्र उचगावच्या मित्राकडे आहे. मागच्या दिवाळीत चौघे भेटलो, तेव्हा त्याने ती काढली. पाने पिवळी पडली आहेत, कोपऱ्यावर अमोनियाचा की चहाचा डाग आहे. तिने वही हातात घेतली, वाचनांवरून बोट फिरवले आणि सातव्या विहिरीपाशी थांबून म्हणाली, “इथे गो. लिहायचं राहिलंय.” मग पर्समधून पेन काढून तिने ते लिहिले.