सेल लागत नाही तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला एखादी मोटरसायकल बंद पडते. सेल मारला की नुसती टकटक ऐकू येते. मग कुणीतरी मागून धक्का देतो, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की गाडी चालू होते. नाहीच झाली तर ढकलत कडेला न्यायची, चालत जाऊन बॅटरीवाल्याला आणायचं. या सवयीमुळे उतरलेली बॅटरी हा आपल्याला किरकोळ विषय वाटतो. पण याच शहराला पाणी पाजणारा नाथसागर जलाशय इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. सुमारे 55 किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी 27 किलोमीटर रुंद असलेल्या त्या पाण्यात बोटीचा सेल लागला नाही, तर चौकातली एकही सोय कामाला येत नाही. बोट ढकलून मोटर चालू होत नाही आणि मेकॅनिक पोहून येत नाही. शिवाय बंद पडलेली बोट जागेवर थांबत नाही, वारा तिला आडवी करतो आणि लाटा कुशीवर आदळू लागतात. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जण दगावले. तिथे दोष बॅटरीचा नव्हता. पण धरणाचं पाणी म्हणजे शांत पाणी, हा आपला समज किती घातक आहे ते त्या दिवशी दिसलं.

बॅटरी उतरली तर काय, या प्रश्नाला बहुतेक जण ‘दुसरी बॅटरी ठेवा’ असं उत्तर देतात. मला ते अपुरं वाटतं. ज्या कारणाने पहिली सोय बंद पडते त्याच कारणाने दुसरीही बंद पडत असेल, तर ती पर्यायी सोय म्हणता येणार नाही. मराठवाड्यातल्या बचाव बोटीचं वर्ष कसं जातं ते पाहा. ती पावसाळ्यात पाण्यात उतरते आणि उरलेले महिने शेडमध्ये पडून असते. शिसे-आम्लाची बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत जाते, आणि उष्णता वाढली की वेगाने उतरते. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि नंतर कितीही चार्ज केली तरी पूर्वीची ताकद येत नाही. अशा शेडमध्ये एकाशेजारी एक ठेवलेल्या दोन्ही बॅटऱ्या त्याच उन्हाळ्याने मारलेल्या असतात. खिशात मावणाऱ्या लिथियमच्या जंप स्टार्टरचंही तेच. वस्तू उत्तम आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण ती स्वतः चार्ज केलेली असेल तरच. दोन बॅटऱ्यांमध्ये निवड करणारा स्विच असला तरी तो ‘दोन्ही’वर राहून गेला, तर दोन्ही एकदमच रिकाम्या होतात.

म्हणून खरा पर्याय वेगळ्या जातीचा हवा, आणि तो म्हणजे हाताचा जोर. आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला हँडल मारणारी पिढी अजून गावोगावी आहे. सिलिंडरमधला दाब सोडणारी खटकी उचलायची, जड चाकाला वेग द्यायचा आणि खटकी सोडायची. त्या इंजिनाला बॅटरी लागतच नव्हती. बोटीच्या लहान आउटबोर्ड मोटरचंही तसंच आहे. ठिणगीसाठी लागणारी वीज ती फिरत्या चाकातूनच तयार करते, म्हणून दोरी ओढली की चालू होते. वीज खाणारा खरा भाग म्हणजे सेल. मोठ्या मोटरचा सेल शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तर ठिणगीला त्याच्या मानाने नगण्य वीज पुरते. त्यामुळे सेल फिरवू न शकणारी अर्धमेली बॅटरीही कित्येकदा दोरीने ओढलेल्या मोटरला पुरते.

यावर आक्षेप घेतला जाईल की नव्या, मोठ्या, इंधन इंजेक्शनच्या मोटरी दोरीने चालू होत नाहीत. आक्षेप खरा आहे. त्यांच्या इंधनपंपाला आणि नियंत्रकाला थोडी तरी वीज लागते, आणि शंभर अश्वशक्तीचं चाक माणसाच्या खांद्याने फिरत नाही. पण त्यावरून दोरी निरुपयोगी ठरत नाही. मोटर निवडतानाच चूक झाली, एवढंच त्यातून ठरतं. पुराच्या कामाला 25 ते 40 अश्वशक्तीची, दोरीची सोय असलेली मोटर पुरते. मोठीच हवी असेल तर शेजारी पाच-दहा अश्वशक्तीची, स्वतंत्र टाकीची, दोरीवर चालणारी दुसरी मोटर लावावी. दोरीत धोका आहे, हा दुसरा आक्षेपही मला मान्य आहे. झाकण काढून उघड्या चाकाला दोरी गुंडाळताना मोटर न्यूट्रलमध्ये नसेल तर बोट उसळते, आणि सैल बाही चाकात अडकू शकते. म्हणूनच हे काम पुराच्या रात्री पहिल्यांदा करायचं नसतं.

बॅटरीचा दोष धरण्याआधी दोन मिनिटं बघावं, हेही सांगायला हवं. सुरक्षा क्लिप निसटली असेल, गिअर अडकला असेल किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तरी मोटर चालू होत नाही. दुसऱ्या बॅटरीवरून केबल जोडायची तर लाल आधी, आणि काळ्या तारेचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. आणि हे सगळं करण्याआधी नांगर टाकावा, नाहीतर दुरुस्ती होईपर्यंत बोट धरणाच्या दरवाजांच्या ओढीकडे सरकलेली असते. वल्ही तर प्रत्येक बोटीत हवीतच.

2006 च्या ऑगस्टमध्ये आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये गोदाकाठाने पूर पाहिला. तो पुन्हा येईल. गोदाकाठच्या तालुक्यांत बचाव बोटी सांभाळणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. मे महिन्यात प्रत्येक बोट पाण्यात उतरवा, सेलच्या बटणाला हात न लावता मोटर चालू करून दाखवा, आणि जी चालू होणार नाही ती पुराच्या यादीतून काढा.