वाटीतले चिंचोके

भाताची आवणी लागली की आमच्या डोळखांबच्या बाजूचे पाडे दिवसभर ओस पडतात. आज तुझं शेत, उद्या माझं, असं करत सगळी माणसं चिखलात असतात. घरी उरतात ती तान्ही पोरं, थकलेली माणसं आणि आजारी. 2017 च्या आषाढात आमच्या घरी आई उरली होती.

तिला तोंडाचा कॅन्सर होता. जन्मभर मिश्री लावली होती तिनं. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं म्हणजे आधी एसटी, मग आसनगावहून लोकल, आणि तेवढंच परत. तिथल्या पॅलिएटिव्ह विभागात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, रात्री झोप लागते का?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आजार आता बरा होणार नाही हेही त्यांनी तिच्यापासून लपवलं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, दुखायची वाट न बघता. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. पोट साफ राहायचं औषध न चुकता. जखमेला वास यायला लागला तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून वर भुरभुरायची, हे त्यांनी माझ्या बायकोला शिकवलं. अफूची गोळी आहे, सवय लागेल, असं भावकीतले लोक कुजबुजले. तिसऱ्या दिवशी आई भिंतीला टेकून बसली आणि तिनं पेज मागितली. मग मी कुणाचं ऐकलं नाही.

अडचण वेळेची होती. सहा, दहा, दोन, सहा, दहा. त्यातले दहा आणि दोन आम्ही नवरा-बायको शेतात असतानाचे. आवणी सोडली तर वर्षभर खायचं काय? आणि आईला एकटीला सोडायचं तरी कसं?

ठाकूरवाडीतली एक आजी एका सकाळी आपणहून पडवीत येऊन बसली. कमरेत वाकली होती, तिच्यानं आता आवणी होत नव्हती. म्हणाली, "तू जा. मी हाय हितं." तिला घड्याळ कळत नव्हतं. माझ्या बटणाच्या फोनवर दहाचा आणि दोनचा गजर लावून तो तिच्याजवळ ठेवला. गजर झाला की गोळी चुरून पेजेच्या पाण्यात कालवायची, चमच्यानं भरवायची आणि वाटीत एक चिंचोका टाकायचा. ती वाटीची युक्ती तिचीच. संध्याकाळी पाय धुवायच्या आधी मी वाटीत बघायचो. दोन चिंचोके. रोज दोन.

पण गोळी हे तिथलं निम्मंच काम होतं. दोघी दिवसभर बोलायच्या. आईचं तोंड उघडत नसे, तरी आजीला तिचं सगळं कळे. कुणाच्या राबाला यंदा रोपं विरळ आली, कुणाची सून माहेरी गेली. आजी तिचे केस विंचरी, पाठ चोळी, कूस बदलून देई. आई त्या दोन महिन्यांत आजारी बाई नव्हती, कुणाची तरी मैत्रीण होती. आठवड्यानं मी मजुरी द्यायला गेलो तर आजीनं हात मागे घेतला. तिच्या सुनेच्या बाळंतपणात आई म्हणे सात रात्री तिच्या झोपडीत जागली होती. मला हे ठाऊकही नव्हतं.

अशा सोबतीची जगात रीतसर व्यवस्था असते, हे मला फार नंतर कळलं. इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये 1975 साली सेंट ल्यूक्स हॉस्पिसनं असं दिवसाचं केंद्र उभारलं. रुग्णानं सकाळी यायचं, औषधपाणी, जखमेची मलमपट्टी, गप्पा, आणि संध्याकाळी आपल्या घरी. तेवढा वेळ घरच्यांना मोकळा. आपल्याकडे कोझिकोडमध्ये 1993 पासून वेदनाशामक उपचारांचं काम चालू झालं आणि पुढे केरळात गावोगावचे शेजारीपाजारीच त्यात उतरले. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, तिथं रुग्णाजवळ घरच्या माणसाला राहता येतं. महाराष्ट्रानं 2012 मध्ये या सेवेचं धोरण केलं. 2014 मध्ये देशाचा अंमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मॉर्फिन मिळण्यातले अडथळे कमी झाले. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची पडवीच येते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना मोठी इमारत नको आहे. शाळेची एक खोली, आठवड्यातून दोनदा येणारी नर्स, आशाताई आणि अशा दोन म्हाताऱ्या, एवढं आवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मिळालं तरी कितीतरी घरं तरतील. हे मी ग्रामसभेत बोललो आहे, पुन्हा बोलेन.

श्रावणात एके दुपारी आजीचा नातू डोक्यावरचं इरलं सावरत बांधावरून पळत आला. घरी पोचलो तेव्हा तिनं आईचं तोंड पुसून, केस नीट बांधून ठेवले होते. फोन अजून दोनचा वाजायचा होता. वाटीत एक चिंचोका होता, आणि दुसरा आजीच्या मुठीत.