क्रीज सोडणारा फलंदाज

जुलै १९३६. ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडने ८ बाद ५७१ वर डाव सोडलेला, आणि भारत पहिल्या डावात ३६८ धावांनी मागे. अशा वेळी सलामीवीराला कुठलाही प्रशिक्षक एकच गोष्ट सांगेल: टिकून राहा. विजय मर्चंट टिकून राहिले. दुसऱ्या टोकाला इंदूरचे मुश्ताक अली मात्र वेगवान गोलंदाजांनाही क्रीज सोडून सामोरे जात होते. दिवसअखेर बिनबाद १९०, सलामीची भागीदारी २०३ धावांची, मुश्ताक ११२, मर्चंट ११४, सामना अनिर्णित. परदेशात भारतीयाने काढलेलं ते पहिलं कसोटी शतक. मुश्ताकना आधी कुणी 'पाय जागेवर' आणून ठेवलं असतं तर? आज आपण नेटमध्ये सर्रास तेच करतो, आणि माझ्या मते चुकीचं करतो. पुढे सरसावणारा फलंदाज चेंडूचा टप्पा बदलतो. स्विंग वा फिरकीला वावच देत नाही. मग गोलंदाज आखूड टाकू लागतो. प्रशिक्षकाचं खरं काम इथून सुरू होतं. मुलाचं पुढे येणं बंद करायचं नाही, तर त्या आखूड चेंडूसाठी त्याच्या हातात कट आणि पुल द्यायचा.

यावर आकडे दाखवले जातात: मुश्ताकची ११ कसोटींतली सरासरी ३२.२१, मर्चंटची ४७.७२. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या ११ कसोटी १९३४ ते १९५२ अशा विखुरलेल्या, मध्ये महायुद्ध. एवढ्यावरून शैलीला दोषी ठरवणं घाईचं होईल. शिवाय अशा खेळाडूची जोखीम त्याने एकट्याने उचलायची नसते, ती संघाने वाटून घ्यायची असते. मुश्ताकच्या होळकर संघात चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे फलंदाज होते. कर्णधार सी. के. नायडू शिस्तीला कडक. पण १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध ११ षटकार मारणारा माणूस मुश्ताकला बांधून कसा ठेवणार? त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एका मुश्ताकच्या नादी लागून शंभर पोरं बिघडतील. म्हणून ही गोष्ट कुणाला शिकवू नये. ज्याच्यात आहे त्याच्यातून काढू नये, इतकंच. पारख पायांवरून होत नाही. डोकं स्थिर आहे का, आणि पोरगा चेंडू पाहून निघतो की आधीच ठरवून, हे बघावं. ८ डिसेंबर २०११ ला मुश्ताकच्याच इंदूरमधल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ केल्या. मुश्ताकचे पाय धावत, सेहवागचे फारसे हलतच नसत. पुस्तकाच्या हिशेबाने दोघेही नापास!

शिस्त आणि मोकळीक एकमेकींच्या आड येतात, हेही मला पटत नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांचा कडकपणा सर्वश्रुत आहे. त्यांच्याच हाताखाली मध्य प्रदेशाने जून २०२२ मध्ये मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात इंदूरच्या रजत पाटीदारने १२२ धावा केल्या. महिनाभर आधी ईडन गार्डन्सवर आयपीएलमध्ये त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ ठोकल्या होत्या. रणजीसाठी त्याचे फटके कुणी काढून घेतले नव्हते. कधी खेळायचे एवढंच बदललं होतं.